शुभांगीचे शुक्रवार

परवा मुग्धाने रियाधहून फोटो पाठवला. मुग्धा माझी भाची, तिथल्या एका इस्पितळात नर्स आहे. फोटोत घोट्याला लागेल एवढी हिरवळ, मधे जांभळ्या फुलांचे पट्टे, आणि त्यात गॉगल लावून उभी असलेली ती आणि तिच्या दोन मैत्रिणी. खाली लिहिलं होतं, "मावशी, गेस कर कुठे? आणि गाडी मी स्वतः चालवली." सोबत नकाशावरची ती लाल टाचणी. तिच्यावर बोट ठेवलं की फोनमधली बाई थेट फुलांपर्यंत नेऊन सोडते म्हणे. आता वाट विचारावी लागत नाही, लिहून घ्यावी लागत नाही, कुणाच्या उपकारात राहावं लागत नाही.

मी कऱ्हाडच्या घरात, स्वेटर घालून, मटार सोलत बसले होते. फोटो बघून भाचीचं कौतुक वाटायला हवं होतं. वाटलंही, पण जरा उशिरा. पहिल्यांदा वाटला तो हेवा. साठीला आलेल्या बाईने भाचीचा हेवा करू नये हे मला कळतं, पण मी या बाबतीत मुळातच नाठाळ आहे. लोकांचे गुडघे कुरकुरतात तसा माझा हेवा थंडी पडली की कुरकुरतो. आणि त्याला कारण रियाधचा एक हिवाळा आहे. दोन हजार पाच किंवा सहाचा असेल. नक्की साल आठवत नाही, पण त्या वर्षी निनाद, माझा मुलगा, नऊ वर्षांचा होता आणि आमच्या समोरच्या दारात शुभांगी राहत होती.

रियाधला ऋतू दोनच, असं अविनाश म्हणायचा, एसीचा आणि बिनएसीचा. अविनाश माझा नवरा, एका सरकारी इस्पितळाच्या लॅबमध्ये टेक्निशियन होता. नोव्हेंबर संपत आला की एसी बंद व्हायचा आणि इतके महिने त्याच्या घरघरीची सवय झालेली असायची की शांततेनेच दचकायला व्हायचं. मग खिडक्या उघडायच्या. गाद्यांना ऊन दाखवायचं. शेजारच्या बंगल्यातून बाभळीसारखं कसलंसं लाकूड जाळल्याचा वास यायचा, आणि त्यावर उकळणाऱ्या वेलदोड्याच्या कॉफीचा. सकाळी ओठ फुटलेले असायचे, आणि हात धुतले तरी कोरडेच राहायचे. आठ महिने जे शहर काचेआड बसून काढायचं, ते एकदम अंगाला लागायला लागायचं.

आणि पाऊस. वर्षातून मोजून चार-पाचदा, तोही हिवाळ्यात. आपल्याकडे पाऊस आला की माणसं घरात पळतात. तिथे पाऊस आला की माणसं घरातून बाहेर पळायची. ढग दिसले रे दिसले की सौदी कुटुंबं गालिचे, थर्मास आणि पोरंबाळं गाडीत कोंबून वाळवंटाकडे निघायची, भिजायला. मला ते फार आवडायचं. मी खिडकीतून त्या गाड्या बघत असायची. अविनाश पेपर वाचत असायचा. "वाळू ती वाळूच," तो म्हणायचा, "भिजली तरी वाळूच."

समोरच्या दारात मात्र असं कुणी म्हणत नसे. शुभांगीचा नवरा रमेश एका बांधकाम कंपनीत सर्व्हेअर होता. त्याला कामावर मोठी, उंच चाकांची गाडी मिळालेली होती, आणि कामाच्या निमित्ताने सगळा मुलूख त्याच्या पायाखालचा होता. तेव्हा सुट्टी गुरुवार-शुक्रवार असायची. गुरुवारी बाजारहाट, आणि शुक्रवारी सकाळी सात वाजता समोरचं दार उघडायचं. लिफ्टमध्ये डबे, पाण्याचा कॅन, चटई चढल्याचे आवाज. त्यांच्या रेवाची बडबड. आमच्या घरात त्या वेळी एकजण घोरत असायचा आणि एकीने डोळे उघडे ठेवून ते सगळे आवाज ऐकलेले असायचे.

संध्याकाळी ती मंडळी परत आली की दाराबाहेर चपलांच्या कपाटापाशी बूट काढायची. मी कचरा टाकायला जायचं निमित्त करून ते बूट बघायची. लाल वाळू असली तर ते टेकड्यांकडे गेले होते. पांढरी भुकटी असली तर कड्याकडे. एकदा बुटांना ओला, काळा चिखल होता. रियाधमध्ये ओला चिखल! मी रात्रभर विचार केला, हे कुठे जाऊन आले असतील?

ते शनिवारी कळायचंच. मुलं शाळेच्या बसमध्ये चढली की दहाच्या सुमाराला शुभांगीचा फोन यायचा. समोरच्या दारातून फोन. का, तर तिच्या हातात पोळ्यांचं पीठ आणि माझ्या हातात मेथी, पण फोन खांद्यावर धरून दोघींची कामं चालायची. "अगं, काल आम्ही हायरच्या पाण्यावर गेलो होतो," ती सांगायची. शहराचं सांडपाणी दक्षिणेला जिथे वाहत जातं तिथे बोरू माजलेत, आणि हिवाळ्यात तिथे पक्षी उतरतात. बगळे, बदकं आणि चार लांब पायांचे गुलाबी. तिने गुलाबी म्हणताना आवाज खाली आणला होता. दुसऱ्या शनिवारी, खर्ज गावाच्या वाटेवर डोंगराच्या पोटात उतरत जाणारी घळ आणि तळाशी निळं पाणी. तिसऱ्या शनिवारी, वायव्येला जमीन जिथे अचानक संपते तो कडा आणि तिथे दगडात रुतलेले समुद्राचे शिंपले. एके काळी तिथे समुद्र होता म्हणे. मी मेथी निवडत "हो का" म्हणत राहायची. मेथी त्या दिवशी जरा जास्तच बारीक खुडली जायची.

बरं, ती फुशारकी मारत नव्हती. मारली असती तर मला सोपं गेलं असतं. ती प्रत्येक सहलीतून माझ्यासाठी काहीतरी आणायची. दगडातला शिंपला, पाखराचं पीस, खर्जच्या मळ्यातली ताजी काकडी. मी ते सगळं एका बिस्किटाच्या डब्यात ठेवून डबा कपाटाच्या वरच्या फळीवर सरकवून दिला होता. काकडी तेवढी खाल्ली.

कशाचा हेवा वाटत होता मला? तेव्हा विचारलं असतं तर मी गाडीचा म्हटलं असतं. आमची गाडी जुनी, बुटकी. डांबरावरून खाली उतरली की तिचं पोट घासायचं. बायकांना गाडी चालवायची तेव्हा मुभाच नव्हती, त्यामुळे जे काही जायचं ते नवऱ्याच्या मर्जीने आणि नवऱ्याच्या गाडीने. आज वाटतं, गाडीचं ते निमित्त होतं. रमेश शुभांगीला म्हणायचा, "चल, तुला एक गंमत दाखवतो." हे वाक्य मी बंद दारातून कितीदा ऐकलं असेल. माझ्या वाट्याला ते वाक्य येत नव्हतं, ही खरी गोष्ट होती. अविनाश वाईट नव्हता. आठवडाभर दुसऱ्यांचं रक्त तपासून शुक्रवारी तो झोपायचा, एवढंच. पण रियाधमध्ये बाईचा आठवडा एका शुक्रवारवर टांगलेला असायचा, आणि माझा शुक्रवार झोपलेला असायचा.

आमच्या मराठी मंडळींत जागेचा पत्ता द्यायची एक रीत होती, तीही सांगायला हवी. या जागा कुठल्या पुस्तकात नसायच्या, पाट्याही नसायच्या. मग वहीच्या कागदावर लिहून द्यायचं. पहिली ओळ ठरलेली, 'शेवटच्या पंपावर मीटर शून्य करा.' मग पुढे गाडीच्या मीटरवरचे आकडे. तेवीसवर उजवीकडे उंटांचं कुंपण. एकतीसवर मोडकी पाण्याची टाकी. टाकीनंतर डांबर सोडा. अशा कागदाच्या घड्या पर्समध्ये ठेवून बायका एकमेकींच्या घरी जायच्या. पाककृतीची देवघेव व्हायची तशी ही जागांची व्हायची. आणि खरं सांगायचं तर पाककृती देताना मी एखादी गोष्ट मुद्दाम विसरायची. चिवड्यात पिठीसाखर शेवटी, गॅस बंद केल्यावर घालायची, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. लोकांचा चिवडा मऊ पडतो आणि माझा कुरकुरीत राहतो, याचं मला समाधान आहे. वाईट समाधान आहे, पण आहे.

त्या हिवाळ्यात पाऊस बरा झाला. जानेवारीत अविनाशच्या लॅबच्या स्टोअरमधल्या अबू साद नावाच्या माणसाने आम्हाला त्याच्या घरच्यांच्या तंबूवर जेवायला बोलावलं. अविनाश नाही म्हणू शकला नाही. अबू सादच्या पिकअपमागून आमची बुटकी गाडी निघाली. एका मोडक्या पाण्याच्या टाकीपाशी डांबर सुटलं. थोडं पुढे गेल्यावर वाट फुटली. उजवीकडची रुंद, सपाट, आमंत्रण दिल्यासारखी. डावीकडची अरुंद आणि दगडगोट्यांची. मला उजवीच बरी वाटली. अबू साद पिकअप थांबवून उतरला, आमच्या खिडकीशी आला, उजवीकडे बोट नाचवून म्हणाला, "यमीन ला." मग डावीकडे हात करून, "यसार." उजवीकडे वरून सुकलेली पापडी दिसते, खाली पावसाचा गाळ असतो, गाडी बसली की बसलीच, असं त्याने अविनाशला त्याच्या मोडक्या इंग्लिशमध्ये समजावलं. निनाद मागच्या सीटवरून "यसार, यसार" म्हणत राहिला. त्याला तो शब्द फार आवडला.

डाव्या वाटेच्या टोकाला ती जागा होती. दोन बुटक्या टेकड्यांच्या मधे काटेरी झाडांचा एक घोळका आणि त्यांच्या बुडाशी हिरवं गवत, आणि गवतात ती जांभळी फुलं. अबू सादची आई फुलं चुरडून माझ्या तळहातावर ठेवत होती आणि हुंगायला लावत होती. मी अंगावरची काळी पायघोळ अबाया गुडघ्यापर्यंत धरून उकिडवी बसले होते. अबायाच्या काठाला गोखरू चिकटले होते. पाखरं होती. मुंग्या होत्या. मला मुंग्या बघूनही आनंद झाला. चहा प्यायलो, भात-मटण खाल्लं, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे अविनाश माझ्याशेजारी पाय पसरून बसला आणि म्हणाला, "सुनंदा, हे बरं आहे गं." दोन वर्षांत त्याने वाळवंटाला बरं म्हटलं होतं ते हे पहिल्यांदा.

घरी येताना मी ठरवलं, ही जागा शुभांगीला माहीत नाही. ही माझी.

पण जागा माझी आहे हे दुसऱ्याला कळलं नाही तर ती माझी असून उपयोग काय? हेव्याची हीच गंमत आहे, त्याला प्रेक्षक लागतो. पुढच्या शनिवारी तिने फोनवर 'कालचा शुक्रवार घरातच गेला गं' म्हटलं आणि माझ्याच्याने राहवलं नाही. मी फुलं सांगितली, तंबू सांगितला, अबू सादची आई सांगितली. आवाज तिच्यासारखाच खाली आणला. मला वाटलं, आता लागला बाण. तर ती म्हणाली, "किती छान गं. लिहून दे ना मला. येत्या शुक्रवारी जातो आम्ही."

मी लिहून दिलं. जेवणाच्या टेबलावर बसून, निनादच्या वहीचा कागद फाडून. शेवटच्या पंपावर मीटर शून्य करा. उंटांचं कुंपण, टाकी, सगळं बरोबर. 'टाकीनंतर डांबर सोडा,' असं लिहिलं. पुढची ओळ यायला हवी होती, वाट फुटते तिथे डावी धरा, उजवीकडे गाळ आहे. पेन कागदावर टेकलं होतं. मी पेन उचललं आणि खालच्या ओळीवर लिहिलं, 'कच्च्या वाटेने सात किलोमीटर, मग झाडी दिसेल.' फार विचार केला नाही, हे खोटं आहे. मी विचार केला होता. त्यांची गाडी मोठी आहे, त्यांना काय होतंय, असा विचार केला होता. थोडं अडू दे, थोडं चुकू दे, झाडीपर्यंत न पोचता परत येऊ दे, एवढंच माझ्या मनात होतं. एवढंच, असं मी तेव्हा म्हटलं. चिवड्यातल्या साखरेइतकीच ती गोष्ट मला वाटली होती.

शुक्रवारी अविनाशला ड्यूटी लागली. तो सहालाच गेला. सातला बेल वाजली. दारात शुभांगी, पाठीवर सॅक, आणि मागे रेवा. "अगं, निनादला पाठव ना," ती म्हणाली. "रेवाला सोबत होईल, आणि त्याने जागा बघितलेली आहे." निनाद माझ्या मागे केव्हाच बूट घालून उभा होता. मला काय झालं ते सांगता येत नाही. एक वाक्य बोलायचं होतं, डावीकडे वळा. दाराच्या चौकटीत उभं राहून, हसत हसत, अगं एक सांगायचं राहिलं म्हणून बोलता आलं असतं. कुणालाच काही कळलं नसतं. पण मला वाटलं, मी बोलले की तिला कळेल. कळेल की मी लिहिताना विसरले नव्हते. मी एवढंच म्हणाले, "पाणी जास्तीचं घ्या."

ती हसली. "दिवसभरासाठीच तर जातोय," म्हणाली, आणि लिफ्टचं दार बंद झालं.

तो दिवस माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब दिवस आहे. शुक्रवारी दुपारच्या नमाजापर्यंत रियाध निपचित पडलेलं असतं. दुकानं बंद, रस्ता रिकामा. मी आधी स्वयंपाक केला, मग कपाट आवरलं, मग आवरलेलं कपाट पुन्हा आवरलं. एक वाजता रमेशच्या मोबाइलवर फोन केला. अरबीत आणि मग इंग्लिशमध्ये बाईने सांगितलं की हा नंबर सध्या लागू शकत नाही. दोन वाजता तेच. तीन वाजता तेच. माझ्याकडे गाडी नव्हती, आणि असती तरी चालवता आली नसती. मी खिडकीत उभी होते, आणि पश्चिमेकडे ढग जमत होते. वर्षभर ज्या ढगांची वाट बघायची, ते त्या दिवशी मला नको होते.

चारला मी लॅबमध्ये अविनाशला फोन लावला. म्हटलं, अजून आले नाहीत. तो म्हणाला, चार तर वाजलेत, येतील. मी म्हटलं, "त्या उजव्या वाटेचं त्यांना माहीत आहे की नाही कोण जाणे."

"म्हणजे? तू लिहून दिलंस ना?"

मी रिसीव्हर या कानावरून त्या कानावर घेतला. "हो," म्हणाले.

"मग झालं," अविनाश म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. अबू सादला एक फोन करायला त्याला दोन मिनिटं लागली असती. ती दोन मिनिटं मी त्याच्याकडून मागू शकले नाही, कारण मागायची तर आधी खरं सांगावं लागलं असतं. माझं पोर कुठे आहे हे माहीत नाही आणि तरीही मी स्वतःची लाज सांभाळत बसले होते. माणूस किती हलका होऊ शकतो, ते मी त्या दुपारी घरबसल्या पाहिलं. देवासमोर निरांजन लावलं, पण देवाकडे बघवेना.

मगरिबची, दिवस मावळतानाची अजान झाली आणि लिफ्ट वाजली. मी दार उघडून धावले. चौघंही कमरेपर्यंत चिखलाने माखलेले. शुभांगीची अबाया मातीने कडक झाली होती, रमेशच्या हाताला ओरखडे होते. आणि सगळे हसत होते. निनाद तर बोलायचा थांबेना. गाडी रुतली, पार आसापर्यंत रुतली. रमेशअंकलने जेवणाच्या ताटल्यांनी माती उपसली. आंटीने नवी चटई चाकाखाली घातली, ती फाटली. अडीच तास! मग वाळवंटात राहणारे एक म्हातारे बदू आजोबा पिकअप घेऊन आले, साखळी लावली, ओढून काढलं. घरी नेलं. उंटिणीचं दूध दिलं, फेसाळ, गरम. आणि तीन दिवसांचं उंटाचं पिल्लू होतं, त्याने निनादचं बोट चोखलं. "आई, बेस्ट डे एव्हर," तो म्हणाला. "नेक्स्ट फ्रायडे पण जायचं."

मी त्याला घट्ट धरलं. माझाही गाऊन चिखलाने भरला. भीती उतरली. आणि मला सांगायला शरम वाटते, पण सांगते. भीती उतरल्याबरोबर तिच्या जागी हेवा येऊन बसला. मी एवढं वाईट केलं आणि तरी दिवस त्यांचाच झाला. माझ्या मुलाचा सगळ्यात चांगला दिवस, तोही तिच्या ओटीत पडला. अबू सादच्या तंबूत आम्ही पाहुणे म्हणून गेलो होतो. यांना संकटातून उचलून घरात नेलं होतं. त्या पिल्लाचा हेवा मला महिनाभर पुरला.

बाथरूममध्ये निनादच्या पायांवर पाणी ओतत होते. टबमध्ये गढूळ पाण्याची धार लागली होती. तो अजून बोलतच होता, त्याच्या त्या शाळेतल्या खिचडी भाषेत. "आई, मैंने बोला था. वो रोड आया ना, तेव्हा मी अंकलना बोललो, लेफ्ट, लेफ्ट. अबू सादने यसार बोला था."

मी तांब्या खाली ठेवला. "मग?"

"मग आंटी बोली, मम्माने लिखा नहीं है, मतलब सीधाच असेल. बोली, तेरी मम्मा कधी काही विसरत नाही." त्याने डोळ्यांवरचं पाणी पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं. "तू विसरलीस का?"

"हो," मी म्हणाले.

"इट्स ओके," निनाद म्हणाला.

आज हे लिहिताना निनाद तीस वर्षांच्या आसपासचा आहे, आणि त्याला यातलं उंटाचं पिल्लू तेवढं आठवतं. मला पिल्लू कधी दिसलंच नाही. मला आठवते ती गढूळ धार. माझ्या कागदावर शुभांगीने एका पोराच्या डोळ्यांपेक्षा जास्त विश्वास ठेवला होता. त्या आठवड्यात शनिवारचा फोन आला तेव्हा मी उचलला नाही. रविवारी उचलला. ती रुतलेल्या गाडीची गोष्ट हसून हसून सांगत होती आणि कागदाबद्दल एक अक्षरही बोलली नाही. तिला कळलंय की नाही, हे मी तिच्या प्रत्येक वाक्यात शोधत होते. सापडलं नाही. कळलं नसेल तर आपण सुटलो, असं वाटायचं. आणि कळलं नसेल तर ती अजून माझ्यावर तितकाच विश्वास ठेवते, हे आठवलं की सुटका नकोशी व्हायची.

रथसप्तमीला शुभांगीकडे हळदीकुंकू होतं. रियाधमध्ये हे सगळं दार लावून, आवाज बेताचा ठेवून चालायचं. बाहेरून आलेल्या बायकांच्या अबाया आतल्या पलंगावर ढिगाने पडलेल्या आणि खाली एकेकीच्या पैठण्या. दरवर्षी वाण म्हणून स्टीलच्या वाट्या, डबे, गाळणी लुटली जायची. पंचवीस बायकांकडे पंचवीस गाळणी झाली होती. त्या वर्षी शुभांगीने वेगळंच काढलं. ताटात पातळ पातळ वह्या रचून ठेवल्या होत्या. झेरॉक्सची पानं शिवून, वर रेवाने काढलेलं उंटाचं चित्र. आत तिच्या सगळ्या जागा. हायरचं पाणी, खर्जचा डोंगर, कडा, लाल टेकड्या. एकेका पानावर एकेक पत्ता, मीटर शून्य करण्यापासून. कुठल्या महिन्यात जावं, पाणी किती न्यावं, बायकांना आडोसा कुठे मिळेल, हेसुद्धा. इतक्या शुक्रवारी जमवलेलं सगळं तिने एका दुपारी लुटून टाकलं होतं. मी असते तर एक पान दिलं नसतं.

बायकांनी तिथेच वह्या चाळायला सुरुवात केली. मी माझी उघडली, आणि शेवटच्या पानावर माझं अक्षर दिसलं. निनादच्या वहीचा तो कागद, जसाच्या तसा झेरॉक्स केलेला. वर मथळा होता, 'सुनंदाची जागा'. आणि मधे, डांबर सोडा आणि सात किलोमीटर या दोन ओळींच्या बेचक्यात, दाटीवाटीने एक ओळ बसवलेली होती. 'वाट फुटते तिथे डावी धरा. उजवीकडे वरून सुकं दिसतं, आत गाळ आहे.' अक्षर माझ्यासारखं काढलं होतं. दुसऱ्या कुणाला शंका आली नसती, इतकं जपून काढलं होतं.

माझ्या शेजारी बसलेल्या बाईने ते पान वाचलं आणि म्हणाली, किती बारकाईने लिहिलंयस गं, आमच्यासारखं कुणी गेलं असतं तर उजवीकडेच वळलं असतं. दोघीतिघींनी मान डोलावली. मी वहीकडे बघत राहिले. वर बघायची हिंमत नव्हती.

शुभांगी कुंकवाचा करंडा घेऊन ओळीने येत होती. माझ्यापुढे वाकली. तिच्या बांगड्या वाजल्या, तिच्या बोटाला हळद होती.

"ती ओळ माझी नाही," मी म्हणाले. मला वाटलं होतं मी फार हळू बोलले, पण तिला ऐकू गेलं.

तिने माझ्या कपाळावर हळद लावली, मग कुंकू लावलं. घाई केली नाही.

"आता आहे," ती म्हणाली, आणि पुढच्या बाईकडे वळली.

तिच्या गाडीचा, तिच्या नवऱ्याचा, तिच्या शुक्रवारांचा हेवा मी करून झाले होते. ते सगळं मिळालं असतं तर मीही बरी वागले असते, अशी माझी समजूत होती. त्या दुपारी पैठणी नेसून, कपाळाला ओलं कुंकू घेऊन बसले असताना मला पहिल्यांदा कळलं की नसते वागले. आणि मग मला तिचा जो हेवा वाटला तसा त्याआधी कधी वाटला नव्हता, आणि तो अजून गेलेला नाही.